चारशे येनांत साग्रसंगीत

जपानला जाऊन आलो असे कळले की आपल्याकडचा मनुष्य दोन प्रश्न विचारतो. पहिला, तिथली ती आगगाडी खरोखरच एवढी जोरात जाते का, आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "पण तिथे तुम्ही खाल्लंत काय?" पहिल्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. दुसऱ्याचे देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

त्या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात खरे म्हणजे दोन प्रश्न असतात. एक सामिष-निरामिषाचा आणि दुसरा पैशाचा. मध्यमवर्गीय मनुष्य परदेशी निघतो तेव्हा विमानाच्या तिकिटाचा घाव त्याने आधीच सोसलेला असतो. तो एकदाच बसतो. परंतु पोट दिवसातून तीनदा हात पसरते, आणि प्रत्येक वेळी डोक्यात येनांचे रुपये करण्याचे गणित सुरू होते. घासागणिक गुणाकार करणाऱ्या माणसाला अमृतसुद्धा गोड लागणार नाही.

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे निघालो ते सौ.च्या धाकट्या भावाच्या भरवशावर. तो टोकियोत निशी-कासाई नावाच्या भागात राहतो. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी गेलेली आपली मंडळी तिथे वस्ती करू लागली आणि आता त्या गल्ल्यांतून चालताना मराठीत भांडण करायची चोरी आहे. डोक्यावर छप्पर होते. प्रश्न फक्त उदरभरणाचा. मेहुण्याने फोनवर मला ठासून सांगितले होते, "भाऊजी, खाण्याची काळजी करू नका. इथं स्वस्तात जेवढं चांगलं मिळतं तेवढं पुण्यातसुद्धा मिळत नाही." परदेशी स्थायिक झालेल्या माणसाच्या बोलण्यातून जेवढे टक्के कापायचे असतात तेवढे मी मनातल्या मनात कापले. सौ.ने ते शंभर टक्के कापले असावेत, कारण तिच्या पिशवीत मेतकूट, भाजणी, रव्याचे लाडू आणि दोन प्रकारचा चिवडा एवढा ऐवज निघाला.

इथे एक खुलासा केला पाहिजे. मी गोमांस सोडून सर्वभक्षक आहे. सौ. शाकाहारी आहे, केकपुरते अंडे तिला चालते, त्यापलीकडे नाही. एकाच संसारात असे दोन पंथ आपल्याकडे सुखाने नांदतात. जपानात मात्र ते सकाळी नऊच्या सुमारास वेगळे होत आणि रात्री मेतकूटभातावर पुन्हा एकत्र येत.

पैशाचे म्हणाल तर दैव आमच्या बाजूने होते. त्याच वर्षीच्या जुलैत येन घसरत घसरत एका डॉलरला एकशे साठाच्या पलीकडे गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा थोडा सावरला होता, तरी शंभर येनांना पंचावन्न रुपये हा हिशेब सोपा होता : निम्मे करा आणि वर थोडे घाला. त्यात बक्षिसी देण्याची पद्धत त्या देशात नाही. प्यायला पाणी किंवा चहा फुकट. हात पुसायला ओला रुमाल तोही फुकट. ऑक्टोबर २०१९ पासून एक गंमतीदार कायदा मात्र आहे : जिन्नस बांधून नेला तर कर आठ टक्के, तिथेच बसून खाल्ला तर दहा टक्के. हे कळल्या दिवसापासून सौ.ला बागेतल्या बाकांची फार आवड उत्पन्न झाली.

माझी खरी दीक्षा झाली ती उएनोच्या रेल्वे स्थानकात. टोकियोच्या स्थानकांतून उभ्या उभ्या सोबा खाण्याची दुकाने असतात. दुकान म्हणजे आपल्या पानवाल्याच्या ठेल्यापेक्षा थोडे मोठे प्रकरण. दाराशी एक यंत्र, त्यावर चित्रांची बटणे. पैसे टाकायचे, बटण दाबायचे, चिठ्ठी पडते; ती फळीवर ठेवायची. भाषेचा प्रश्नच येत नाही. आत एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी चिठ्ठीकडे एकवार पाहिले, उकडलेल्या शेवयांची एक जुडी दांड्याच्या जाळीत घातली, ती उकळत्या पाण्यात बुचकळली, झटकली, वाडग्यात उपडी केली, वरून काळसर कढण ओतले, त्यावर कांद्या-गाजराच्या काड्यांचे एक भले मोठे भजे ठेवले, कांद्याची हिरवी पात भुरभुरली आणि दोन्ही हातांनी तो वाडगा माझ्यासमोर ठेवला. घड्याळ लावून पाहिले नाही, पण एक मिनिट झाले नसावे. किंमत पाचशे येनांच्या आत. नुसत्या शेवया घेतल्या असत्या तर चारशे.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. आपल्या उत्तरेत हेच पीठ उपासाला चालते. रंग मातकट, चव जराशी कडसर, आणि एकदा ओळख झाली की सोडवत नाही. भजे कढणात पडल्यावर त्याची खालची बाजू भिजून मऊ होते आणि वरची कुरकुरीत राहते. दोन्ही अवस्था एकाच घासात पकडणे ही कला आहे. माझ्या शेजारचा इसम त्यात निष्णात होता. त्याने वाडगा तोंडाशी नेला आणि असा काही भुरका मारला की आमच्या लहानपणी त्या आवाजाला पाठीत धपाटा मिळाला असता. तिथे भुरका हा शिष्टाचार आहे. गरम शेवयांबरोबर वारा आत जातो, जीभ भाजत नाही आणि वासही नाकात चढतो असे म्हणतात. मराठीत या क्रियेला इतका नेमका शब्द असताना आपण ती असभ्य का ठरवली कोण जाणे!

खाणे संपल्यावर त्या गृहस्थाने वाडगा उचलून वरच्या फळीवर ठेवला, "गोचिसोसामा" म्हटले आणि गाडी पकडायला पळाला. सगळे मिळून पाच मिनिटे. या शब्दाचा अर्थ मी रात्री मेहुण्याला विचारला. भाषेच्या मास्तराला ही खोड असतेच. त्यातल्या 'चिसो' या भागाच्या चित्रलिपीचा मूळ अर्थ 'धावणे, धावपळ करणे' असा आहे. यजमानाने पाहुण्यासाठी जिन्नस जमवायला केलेली यातायात, ती या शब्दात आहे. म्हणजे जेवणारा उठताना म्हणतो, तुमची फार धावपळ झाली. चारशे येनांच्या शेवया खाऊन, एका मिनिटात वाढणाऱ्या बाईंना हे म्हणायचे! आणि त्याही मान लववून उत्तर देतात. माझ्या एका बाजूला उंची सूट घातलेला कोणी साहेब होता, दुसऱ्या बाजूला बांधकामावरच्या मजुराची फुगीर विजार घातलेला तरुण. तिघांचे वाडगे एकच, भजे एकाच आकाराचे आणि बाईंची मान तिघांपुढे सारखीच लवली.

स्वस्त अन्न आपल्याकडे नाही असे नाही. वडापाव आहे, मिसळ आहे, दहा रुपयांची शिवभोजन थाळी २०२० साली निघाली, त्याआधी १९९५ साली रुपयात झुणका-भाकर निघाली होती. चवीत आपण कोणाला हार जाणार नाही. पण अन्न स्वस्त झाले की आपल्याकडे वाढणाराचा हातही बहुधा स्वस्त होतो. ताटली आदळते, पाण्याच्या पेल्यात वाढप्याची बोटे बुडतात, आणि 'पुढं सरका' हे शब्द वाढण्याबरोबर फुकट मिळतात.

माझे वडील १९५५ च्या सुमारास कोकणातून पुण्याला शिकायला आले ते वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्या घरांविषयी त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. मी कॉलेजात असताना मेसच्या आमटीला नावे ठेवली तेव्हा एकदाच म्हणाले, "अन्न गरम असायचं रे. ताट तेवढं वेगळं असायचं." पुढे त्यांची नोकरी झाली, घर झाले, पण हॉटेलात गेले की ते दाराजवळची जागा धरीत, सर्वांत कमी पैशाचा जिन्नस मागवीत आणि तो मागवताना असा आवाज काढीत, जणू दुकानदाराची काही तरी उसनवारी करीत आहेत. ते जाऊन बरीच वर्षे झाली. उएनोच्या त्या फळीशी उभा असताना मला राहून राहून वाटत होते की या बाईंनी वडिलांसमोर दोन्ही हातांनी तो वाडगा ठेवला असता, तर त्यांनी काय केले असते? बहुधा मागे वळून पाहिले असते, आणखी कोणासाठी आहे का म्हणून.

हा सगळा वेळ सौ. बाहेर उभी होती, कारण ते कढण तिच्या कामाचे नव्हते. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाच्या पाण्यात असतो. समुद्रातली एक जाड वनस्पती आणि वाळवून लाकडासारखा कडक केलेला बोनिटो मासा, त्याच्या रंध्याने काढल्यासारख्या पातळ ढलप्या, यांचा तो अर्क. भाजी शिजते ती त्यात, सार होते ते त्याचे, आणि वरून निष्पाप दिसणाऱ्या सोयाबीनच्या पनीरावरही त्या ढलप्या येऊन बसतात. आपल्याकडे फोडणीत हिंग आहे की नाही हे जसे कोणी विचारीत नाही, तसा तिथे हा मासा कोणी मोजीत नाही. मेहुण्याने एका कागदावर जपानीत लिहून दिले होते : मांस नको, मासा नको, माशाचे पाणीही नको. तो कागद वाचून एका दुकानातले आजोबा खरोखर दुःखी झाले. त्यांनी आतून बायकोला बोलावले, दोघांनी मिळून पुन्हा वाचला, आणि शेवटी साधा भात, मीठ, तीळ आणि लोणच्याचे दोन काप असे ताट मांडून आणले. पैसे फक्त भाताचे घेतले.

पुढे सौ.नेच आपली वाट काढली. कोपऱ्याकोपऱ्यावर रात्रंदिवस उघडी असणारी दुकाने आहेत. त्यांत 'ओनिगिरी' म्हणजे भाताचे त्रिकोणी मुटके मिळतात. आत खारवलेले आंबट फळ, बाहेर समुद्रशेवाळाचा काळा कागद. किंमत दीडशे येनांच्या आतबाहेर. मात्र त्याचे वेष्टन ही विद्या आहे. शेवाळ भाताला चिकटून मऊ पडू नये म्हणून दोहोंमध्ये पातळ पदर असतो आणि एक, दोन, तीन असे आकडे छापलेले असतात. त्याच क्रमाने ओढले तर पदर निसटतो आणि कुरकुरीत कागद भाताला अलगद बिलगतो. सौ.ने हे पहिल्या खेपेस साधले. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या हाताला ते काय अवघड? नंतर ती आगगाडीत आजूबाजूच्या गोऱ्या प्रवाशांना शिकवू लागली.

गिन्झा हा टोकियोतला सर्वांत महागडा भाग. तिथल्या दुकानांच्या काचांतून किमती वाचणेही खर्चिक वाटते. पण त्याच रस्त्यावर किमुराया नावाची पाववाल्याची पेढी आहे. तिने १८७४ साली पावाच्या आत गोड पुरण भरून 'आनपान' काढला आणि पुढच्या वर्षी तो सम्राट मेइजींच्या पानात गेला. पुरण लाल चवळीसारख्या कडधान्याचे. वेलदोडा-जायफळ नाही, तरी जिभेला ओळख पटते. सम्राटाने खाल्लेला तो पाव आज दोनशे-अडीचशे येनांत कोणालाही मिळतो. आणि त्यातले 'पान' म्हणजे काय? तर पोर्तुगीजांचा 'पाँव', ज्याचा आपण पाव केला. सोळाव्या शतकात हे लोक गोव्यात उतरले तसे जपानच्या किनाऱ्यालाही लागले. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला पोचले, आणि त्यांचा देह आज जुन्या गोव्यात आहे. माझ्या सोब्यावरचे ते भजेही याच पोर्तुगीजांच्या तळणीतून आले असे मानतात. हे सर्व मी सौ.ला रस्त्यात सांगत होतो. ती म्हणाली, "अहो, आधी खाऊन घ्या, पुरण गार होईल." ते गारच असते, पण तिचे म्हणणे योग्य होते.

शाकाहाराची खरी कसोटी लागली आझाबू-जुबान भागात. तिथे 'ताईयाकी' करणारे १९०९ सालापासूनचे दुकान आहे. लोखंडी साच्यात पीठ ओतून, आत तेच पुरण घालून भाजलेला हा मासा : खवले, कल्ले, शेपूट, डोळा सगळे जिथल्या तिथे. ताई हा मासा जपानात मंगलकार्याचा आणि महागाचा. तो ज्यांना परवडत नाही त्यांना निदान त्याचा आकार तरी मिळावा, ही त्या पहिल्या हलवायाची युक्ती. दोनशे येनांच्या आसपास एक. गरम गरम मासा मी सौ.च्या हातात दिला.

"मासा आहे हा," ती म्हणाली.

"अगं, पिठाचा आहे. आत पुरण आहे."

"असू दे. डोळे आहेत त्याला."

बराच वेळ तो मासा तिच्याकडे आणि ती त्याच्याकडे पाहत राहिली. अखेर तिने तो उलटा धरला आणि शेपटीकडून सुरुवात केली. "म्हणजे त्याला दिसणार नाही," असा खुलासाही केला. पुरण शेपटीच्या टोकापर्यंत भरलेले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. करंजीच्या टोकाला नुसते पीठ लागले की करणारीचा कंटाळा कळतो. इथे तो कुठे सापडला नाही.

१२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी आली. साबुदाण्याचा बेत मेहुण्याच्या घरी होताच, परंतु संध्याकाळी बाहेर पडलो तर एका दुकानाच्या दाराशी तापलेल्या खड्यांवर रताळी भाजत ठेवलेली. कागदाच्या पिशवीत घालून देतात, तीनशे येनांना एक, आणि ते एक दोघांना पुरते. आतून केशरी-पिवळे, पाकात मुरल्यासारखे. दुकानावर तीनच अक्षरे लिहिली होती, मेहुण्याने वाचली, "तेरा री." री हे आपल्या कोसासारखे अंतराचे जुने माप. रताळ्याचा आणि तेरा कोसांचा संबंध काय? तर 'कुरी' म्हणजे चेस्टनटचे फळ आणि 'कु री' म्हणजे नऊ री. 'योरी' म्हणजे 'पेक्षा' आणि 'यो री' म्हणजे चार री. नऊ आणि चार तेरा. चेस्टनटपेक्षाही गोड, असा हा श्लेष. वर्गात श्लेष शिकवताना मी वीस वर्षे तीच ती उदाहरणे देत आलो आहे. आता हे रताळे देतो आणि पोरे जागी राहतात.

रताळ्याची आणखी एक हकीकत मला तिथेच कळली. १७३२ साली जपानात मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर आओकी कोन्यो नावाच्या पंडिताने १७३५ साली एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, दक्षिणेकडून आणलेल्या रताळ्यांची लागवड करून दाखवली. लोक त्यांना रताळेगुरुजी म्हणू लागले, आणि मेगुरो येथे त्यांच्या समाधीवर तेच नाव कोरलेले आहे. ग्रंथ पुष्कळ लिहिले असतील त्यांनी. लोकांनी लक्षात ठेवले ते रताळे. आम्हा मास्तर लोकांत हे भाग्य क्वचितांचे.

आता आठ वाजताची गोष्ट. मेहुण्याच्या घराजवळ एक मोठे किराणा-भाजीचे दुकान आहे. तिथे तयार जेवणाचे डबे मांडलेले असतात : भात, तळण, भाजी, लोणचे, प्रत्येकाला खण. दुपारी त्यांची किंमत सहाशे येन. सायंकाळी दुकानातला एक तरुण चिठ्ठ्यांची गुंडाळी घेऊन हजर होतो आणि डब्यांवर दहा टक्के कमी, वीस टक्के कमी असे चिकटवीत जातो. आठ वाजले की निम्म्या किमतीची चिठ्ठी निघते. त्याच्या आधी दहा मिनिटे आसपासच्या फळ्यांशी अचानक गर्दी होते. कोणी डब्यांकडे पाहत नाही. कोणी सोया सॉसच्या बाटलीवरचा मजकूर वाचतो, कोणी मुळा निरखतो. तुळशीबागेत वाढलेल्या सौ.ला हे नाटक पहिल्या संध्याकाळी कळले आणि दुसऱ्या संध्याकाळी तिने त्यात भूमिका घेतली. चिठ्ठी चिकटेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या पुढ्यातून उचलायचे नाही, तरुणाला घाई करायची नाही, असे अलिखित नियम. तुळशीबागेत हे नियम लागू केले तर बाजार बंद पडेल.

तिथे एक आजी रोज येत. नीटनेटका कोट, गळ्यात रेशमी रुमाल, पाठीला किंचित बाक. त्या एकच डबा घेत, निम्म्या किमतीचा. पैसे घेणारी मुलगी तो डबा दोन्ही हातांनी उचली, आडवा होणार नाही असा पिशवीत ठेवी, काड्या किती जोड हव्यात ते विचारी. आजी एक बोट वर करीत. एकच जोड. मुलगी वाकून नमस्कार करी. आमच्या आधी पुऱ्या किमतीची फळे घेऊन गेलेल्या बाईंपुढे ती जितकी वाकली होती, तितकीच.

मेहुण्याला हे सांगितले तेव्हा तो जरा गप्प झाला. म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला स्वस्त वाटतंय ते इथल्या माणसाला आता स्वस्त राहिलेलं नाही." आणि ते खरे होते. आम्ही येनांना निम्मे करून खूश होत होतो. ज्याचा पगार येनांत आहे आणि वर्षानुवर्षे फारसा हललेला नाही, त्याला निम्मे करून चालत नाही. आम्ही परतल्यानंतर, २०२५ च्या वसंतात, पाच किलो तांदळाला चार हजार येनांहून जास्त पडू लागले, वर्षभरापूर्वीच्या दुप्पट. ज्या देशात भाताच्या शब्दानेच जेवणाला हाक मारतात तिथे ही बातमी साधी नव्हे. चिठ्ठीची वाट पाहणारे सगळेच काही आमच्यासारखे हौशी नव्हते.

सुटीच्या शेवटच्या आठवड्यात मेहुण्याच्या शेजारच्या बाईंनी आम्हाला एका ठिकाणी जेवायला बोलावले. मोठ्यांना तीनशे येन, मुलांना शंभर. याला 'कोदोमो शोकुदो' म्हणतात, मुलांची खानावळ. २०१२ साली टोकियोच्याच ओता भागात भाजीचे दुकान चालवणाऱ्या एका बाईंना शाळेतून कळले की एका मुलाचे शाळेतले जेवण सोडले तर बाकीच्या वेळी केळ्यावरच भागते. त्यांनी आपल्या दुकानात मुलांना संध्याकाळचे जेवू घालायला सुरुवात केली. सरकारी हुकूम नाही, योजना नाही. २०२४ अखेर अशा खानावळी देशभर दहा हजारांच्या वर गेल्या होत्या.

वस्तीच्या सभागृहात चटया टाकल्या होत्या, ठेंगणी मेजे होती. दाराशी झाकणाला फट असलेला एक पत्र्याचा डबा. कोण किती टाकतो हे पाहायला तिथे कोणी बसलेले नव्हते. मी मुद्दाम थांबून पाहिले. एका मुलाने नाणे टाकले, त्याच्या मागच्याने नुसताच हात फटीवर नेला आणि आत गेला. दोघांनाही तेच ताट मिळाले. पाटीवर लिहिले होते की कोणीही यावे. हे 'कोणीही' महत्त्वाचे. पेढी सांभाळणाऱ्याची मुले येतात, आजोबा येतात, आमच्यासारखे परके येतात, आणि मग त्या गर्दीत ज्याला खरी गरज आहे तो कोणता हे ओळखू येत नाही.

त्या दिवशी करी-भात होता. जपानी मुलांचे हे लाडके अन्न. करी त्यांच्याकडे इंग्रजांमार्फत गेली. आपल्या पद्धतीची करी टोकियोतल्या नाकामुराया या पेढीने १९२७ साली विकायला काढली, ती तिथे आश्रय मिळालेल्या आणि त्या घरचे जावई झालेल्या क्रांतिकारक राशबिहारी बोसांच्या शिकवणीने. पण घरोघरी होते ती इंग्रजी वळणाची, दाट, गोडसर. बाजारात तिच्या तयार वड्या मिळतात. त्यांत बहुधा चरबी असते. शेजारच्या बाईंना हे ठाऊक होते. मोठ्या पातेल्यात मांस आणि वडी पडण्यापूर्वी त्यांनी बटाटे, गाजर, कांदा एका लहान पातेल्यात काढून घेतला होता आणि त्यात नुसती मसाल्याची पूड आणि परतलेले पीठ घातले होते. "ओक्सानसाठी," त्या सौ.कडे बोट दाखवून म्हणाल्या. ओक्सान म्हणजे घरची बाईसाहेब.

आम्ही मुलांच्या पंगतीत बसलो. सौ.चे ताट इतरांसारखेच होते. पातेले तेवढे वेगळे. समोरच्या सहा-सात वर्षांच्या मुलाने, तोच तो ज्याने फटीवर नुसता हात नेला होता, तिच्या ताटात डोकावून पाहिले. रंग पिवळा होता, त्याचा तपकिरी. त्याने काही विचारले. मेहुण्याने भाषांतर केले, "म्हणतोय, ते कसलं?" सौ.ने एक फोड चमच्यावर घेऊन त्याच्या ताटात ठेवली. मुलाने खाल्ली, विचार केला आणि ताट उचलून सरळ त्या लहान पातेल्याकडे गेला. त्याच्या मागोमाग त्याचा शेजारी गेला. मग दोन मुली. बाई डाव हातात धरून आमच्याकडे पाहत होत्या, घालू की नको? सौ.ने घाला घाला म्हणून हात हलवला.

ती दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठली तेव्हा तळाशी चमचाभर रस्सा आणि बटाट्याची एक फोड राहिली होती. बाईंनी ती तिच्या ताटात घातली, आणि मग दोघींनी मिळून पातेले घासायला घेतले.